मोटरसायकलच्या ग्रिप्स बदलताना: आधी माप, मग रबर, नक्षी सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक सिलिंडरची गाडी, मूळ ग्रिप्स झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि डावी तर पाऊस लागला की हातात गरगर फिरते. तासभर गाडी चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. एक मित्र फोमच्या ग्रिप्स घे म्हणतो, दुसरा जेलच्या, आणि तिसरा म्हणतो जुन्यांवरच मऊ कव्हर चढव. तर नक्की घ्यायचं काय?

तिसऱ्या मित्राचं ऐकू नका, एवढं आधीच सांगून टाकतो. बाकी दोघांचं ऐकायचं की नाही ते माप घेतल्यावर ठरवू. पंचवीसेक वर्षं गाड्या खोलतो-जोडतो आहे आणि ग्रिप घ्यायची लोकांची पद्धत काही बदललेली पाहिली नाही. अंगठ्याने दाबून बघायचं, मऊ लागली की पिशवीत टाकायची. उशी घ्यायला ही पद्धत ठीक आहे. ग्रिप मात्र तुम्ही दाबून बघत नाही, तासन् तास धरून ठेवता. त्यातली एक तर सतत पिळता आणि सोडता. दाबून मऊ लागणारी वस्तू धरून ठेवायला सोपी असतेच असं नाही. खूप मऊ ग्रिप हाताखाली दबते, सरकते, मग ती हलू नये म्हणून आपण नकळत मूठ आणखी आवळतो. आवळलेल्या मुठीत रक्त कमी फिरतं, स्नायू दमतात आणि कंपनं हातात जास्त शिरतात. म्हणजे आराम मिळावा म्हणून घेतलेली ग्रिप हात आणखी दुखवते.

आता माप. बहुतेक मोटरसायकलींच्या हँडलचा बाहेरचा व्यास ग्रिप बसते त्या जागी 22 मिमी असतो (नेमकं सांगायचं तर पाऊण इंचाच्या वर आणखी एक अष्टमांश, म्हणजे 22.2). काही मोठ्या क्रूझर गाड्यांचा एक इंच, म्हणजे 25.4 मिमी असतो. मधे जाड असलेले हँडलबार बघून गोंधळ होतो. ते क्लॅम्पपाशी (जिथे हँडल गाडीला आवळलेलं असतं तिथे) 28.6 मिमी असतात, पण टोकाकडे निमुळते होत पुन्हा 22 वरच येतात. त्यामुळे माप क्लॅम्पपाशी घेऊ नका, ग्रिपखाली घ्या.

खरी गंमत उजवीकडे आहे. उजवी ग्रिप थेट हँडलवर बसत नाही, थ्रॉटलच्या, म्हणजे रेसच्या, नळीवर बसते. ही प्लास्टिकची नळी हँडलवर सैल फिरते आणि 22 मिमीच्या हँडलवर तिचा बाहेरचा व्यास साधारण 25 मिमी होतो. म्हणून मोटरसायकलच्या जोडीत डाव्या ग्रिपचं भोक लहान आणि उजव्याचं मोठं असतं. जोडी हातात घेतली की दोन्ही भोकं शेजारी धरून बघा. सारखी असतील तर ती जोडी सायकलची किंवा अंगठ्याने रेस द्यायच्या चारचाकी क्वाडची आहे. डावी छान बसेल, उजवी नळीवर चढणारच नाही. असा गिऱ्हाईक दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो, एका हातात ग्रिप आणि दुसऱ्या हाताला फोड घेऊन.

जुनी ग्रिप काढल्यावर नळी नीट बघा. कधी ती गुळगुळीत असते, कधी तिच्यावर उभ्या-आडव्या धारा असतात, मूळ ग्रिपच्या आतल्या खाचांत बसणाऱ्या. गुळगुळीत भोकाची नवी ग्रिप अशा नळीवर चढवली तर ती फुगीर बसते, किंवा बसतच नाही. कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन धारा हलक्या हाताने उतरवता येतात, पण नळीच पातळ होईल इतक्या नाहीत. काही गाड्यांत तर ग्रिप आणि नळी एकत्रच साच्यातून आलेली असते, वेगळी होतच नाही. मग नवी नळी घ्यावी लागते, आणि ती तुमच्याच मॉडेलची हवी. केबल अडकवायची खाच, कडेची पट्टी आणि फिरण्याचा कोन प्रत्येक गाडीत वेगळा असतो. थ्रॉटल केबलऐवजी सेन्सरवर चालणारं असेल तर अंदाजपंचे नळी बदलायच्या भानगडीत पडूच नका.

लांबी हे तिसरं माप. स्विचच्या डब्यापासून बार-एंडपर्यंतची, म्हणजे हँडलच्या टोकाला बसवलेल्या तुकड्यापर्यंतची, जागा मोजा. बऱ्याच गाड्यांत ती 115 ते 130 मिमीच्या दरम्यान भरते. ग्रिप दोन-तीन मिमी लांब असेल तर डावीकडे फार बिघडत नाही. उजवीकडे बिघडतं, आणि कसं ते पुढे सांगतो.

टोक उघडं की बंद, हे तुमच्या बार-एंडवरून ठरतं. हँडलच्या टोकाला वजनं असतील तर उघड्या टोकाच्या ग्रिप्स लागतात. ही वजनं शोभेसाठी नसतात. हँडलच्या टोकाला वस्तुमान वाढलं की त्याची कंपनाची सवय बदलते आणि इंजिनाच्या नेहमीच्या वेगात हँडल कमी थरथरतं. बंद टोकाची ग्रिप बसवायची म्हणून वजनं काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. महिन्याभराने तेच हाताला मुंग्या येतात म्हणून परत येतात. त्यापेक्षा बंद टोकाला भोक पाडणं सोपं. डावी ग्रिप हँडलवर पूर्ण चढवून टोकावर हातोडीने गोल-गोल हलके ठोके दिले की खालची लोखंडी कडच रबराची चकती कापून देते. उजवीकडे खाली प्लास्टिक आहे, तिथे हातोडी नको, धारदार पातं घ्या.

जाडीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथेच निवड चुकते. मूठ वळवून ग्रिप नेहमीसारखी धरा, गाडी चालवताना जे हातमोजे घालता ते घालून. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप तुमच्या हाताला बारीक आहे. बोटांची टोकं आणि तळव्याचा अंगठ्याकडचा उंचवटा यांत मोठी फट राहत असेल तर ती जाड आहे. दोन्ही प्रकारांत हात लवकर दमतो. बारीक ग्रिप आवळावी लागते आणि जाड ग्रिपवर बोटं अर्धवट पोचतात.

जाडी वाढवली की आणखी दोन गोष्टी बदलतात. व्यास 3 मिमीने वाढला की परीघ सुमारे साडेनऊ मिमीने वाढतो, आणि हे हाताला लगेच जाणवतं. 32 मिमीच्या ग्रिपऐवजी 36 ची बसवली तर तेवढंच थ्रॉटल उघडायला तळव्याला आठवा हिस्सा जास्त अंतर सरकावं लागतं. रेस द्यायला गाडी थोडी आळशी झाल्यासारखी वाटते. काहींना ते आवडतं, कारण खड्ड्यात हात हलला तरी झटका कमी बसतो. दुसरी गोष्ट लिव्हरची. जाड ग्रिपमुळे तळवा मागे जातो, लिव्हर तेवढा लांब पडतो आणि लिव्हर व ग्रिप यांच्यामधली फटही कमी होते. दोन बोटांनी क्लच दाबायची सवय असेल तर उरलेली दोन बोटं लिव्हरखाली चेंगरतात का, क्लच पूर्ण सुटतो का, ते बसवल्यावर बघावंच लागतं. लिव्हरला अंतर जुळवायचा स्क्रू असेल तर जुळवून घ्या. हात लहान असेल तर जाड जेल ग्रिप घेऊच नका, कोणी कितीही कौतुक करो.

आता तुमच्या मित्रांकडे येऊ. साधा फोम हलका असतो, कंपनं बऱ्यापैकी खातो आणि थंडीत हाताला गार लागत नाही. पण स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो. पावसात पिळला की पाणी गळतं, उन्हात वाळून तुकडे पडतात, गाडी एकदा आडवी झाली की फाटतो. बंद छिद्रांचा सिलिकॉन फोम पाणी पीत नाही, तो बराच बरा. तुमची गाडी रोज पावसापाण्यात असेल तर साधा फोम बाद.

जेल म्हणजे बहुतेक वेळा दोन थरांची ग्रिप, वर रबराची कातडी आणि आत मऊ गादी. चांगली असेल तर लांबच्या प्रवासात हाताखालचा दाब पसरवते. वाईट असेल तर वरची कातडी आणि आतली गादी वेगवेगळ्या फिरायला लागतात. घेण्याआधी दोन्ही टोकं धरून कपडा पिळल्यासारखी पिळून बघा. वरचा थर आतल्यावर सरकल्यासारखा वाटला तर ठेवून द्या. आणि जेल जाडी वाढवतं, हे वर सांगितलंच.

साधं रबर मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं. रबराचा कडकपणा शोर ए या मापात सांगतात. आकडा मोठा तितकं कडक. पाकिटावर तो फारसा छापलेला नसतो, म्हणून नखाने दाबून बघा. नखाची खूण उमटून लगेच नाहीशी झाली तर मध्यम. खूण उमटतच नसेल तर दगड, वर्षानुवर्षं टिकेल पण हाताला काही देणार नाही. खूण तशीच राहत असेल तर दोन हंगामांत झिजेल. मऊ रबर आणि टिकाऊपणा एकाच ग्रिपमध्ये मिळत नाहीत, त्यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. काही ठिकाणी दोन प्रकारचं रबर एकत्र वापरलेलं असतं, आत कडक आणि वर मऊ. माझी पसंती त्याला.

एक वेगळं निरीक्षण: काही मऊ प्लास्टिकी ग्रिप्स वर्ष-दीड वर्षात चिकट होतात, हाताला काळं लागतं. ऊन, घाम, सनस्क्रीन आणि विशेषतः डास पळवणारं मलम यांचा हा परिणाम. त्या मलमातला डीट हा घटक कित्येक प्लास्टिकं विरघळवतो. मलम लावलं असेल तर तळवे पुसून मग हँडल धरा. चिकट झालेली ग्रिप धुऊन पूर्वीसारखी होत नाही, बदलावीच लागते.

जुन्या ग्रिपवर चढवायचं कव्हर मी का नको म्हणतो? डावीकडे त्याचा त्रास एवढाच की ते घसरतं. उजवीकडे ते घसरलं तर थ्रॉटल तुमच्या हातात राहत नाही. तुम्ही मूठ मागे वळवता, कव्हर वळतं, आतली ग्रिप वळत नाही. रेस कमी करायची असते तेव्हा ती कमी होत नाही. ओल्या रस्त्यावर अर्ध्या सेकंदाचा हा गोंधळ पुरेसा असतो. त्यातून आतली जुनी ग्रिप आधीच सैल असेल, जशी तुमची डावी आहे, तर सैलावर सैल.

नक्षीबद्दल दोनच ओळी. बोटांकडे चौकटीची खडबडीत नक्षी आणि तळव्याकडे बारीक रेघा किंवा सपाट भाग, ही मांडणी रोजच्या वापराला चांगली. हातमोजे न घालता लांब चालवणाऱ्याला टोकदार हिरकणी नक्षी फोड आणते. उजव्या ग्रिपवर तळव्याचा आणि बोटांचा भाग वेगळा असेल तर थ्रॉटल बंद असताना नव्हे, तुमच्या नेहमीच्या वेगाला मूठ जिथे असते तिथे तो भाग तळव्याखाली यायला हवा. सपाट गुळगुळीत धातूच्या ग्रिप्स फोटोत छान दिसतात. घामेजल्या हाताने त्या धरून बघा म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता बधिर बोटं. इथे ग्रिप सगळी गुन्हेगार नाही. करंगळी आणि अनामिका बधिर होतात तेव्हा तळव्याच्या करंगळीकडच्या बुडाशी, जिथून अल्नर नावाची नस जाते, तिथे दाब पडत असतो. म्हणजे शरीराचा भार हातांवर येतोय, किंवा तळव्याची ती कड ग्रिपच्या टोकावर टेकतेय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर मनगट वाकलेलं आहे असं मी म्हटलं असतं, कारण तिथली नस वेगळी, मनगटाच्या मधल्या बोगद्यातून जाणारी. तुमच्या बाबतीत गुडघ्यांनी टाकी धरून बसायची सवय लावा, कोपरं थोडी सैल सोडा, आणि लिव्हर असे फिरवून घ्या की बोटं त्यांवर ठेवल्यावर हात कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत येईल. याला फक्त एक पाना लागतो. गाडीवरून उतरल्यावर तासाभरानेही बधिरपणा जात नसेल, किंवा रात्री बोटांत मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ग्रिप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

कंपनाचंही बघा. एक सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमवर फिरतं तेव्हा हँडलला सेकंदाला 100 धक्के बसतात. तो इंजिनाचा स्वभाव आहे, कोणतीही ग्रिप तो पुसून टाकत नाही, फार तर बोथट करते. कंपन अलीकडेच वाढलं असेल तर इंजिन पकडणारे बोल्ट, हँडलच्या क्लॅम्पखालची रबरं, चेन आणि चाकं तपासा. मी एकदा एका गाडीला आठवड्यात दोन वेळा ग्रिप्स बदलून दिल्या. तिसऱ्यांदा बघितलं तर इंजिनाचा पुढचा बोल्ट हाताने फिरत होता. चूक माझीच, आधी बघायला हवं होतं.

थंड हवेत चालवत असाल आणि तापणाऱ्या ग्रिप्स डोक्यात असतील तर आधी गाडीच्या वीजनिर्मितीचा हिशोब करा. जोडी 36 वॅटची धरली तर 12 व्होल्टवर 3 अँपियर खाते. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला, त्यातही सिग्नलवर इंजिन हळू चालत असताना, ते जड जाऊ शकतं. जोडणी इग्निशनच्या मागून, म्हणजे चावी बंद केली की वीजही बंद होईल अशी, आणि रिलेवरून (जास्त वीज झेलणाऱ्या स्विचवरून) घ्या, नाहीतर एका रात्रीत बॅटरी झोपते. या जोडीत बऱ्याचदा डावीकडे जास्त वॅट दिलेले असतात. कारण डावी ग्रिप थेट धातूच्या हँडलवर बसते आणि हँडल उष्णता ओढून घेतं. उजवीकडे मधे प्लास्टिकची नळी असते.

बसवणं. जुनी ग्रिप वाचवायची नसेल तर पात्याने लांबीत चिरा, पातं स्वतःपासून दूर जाईल असं धरून. उजवीकडे पातं खोल जाऊ देऊ नका, नळीवर ओरखडा पडला की तिथूनच ती पुढे तडकते. कंप्रेसर असेल तर ग्रिपच्या कडेखाली हवा मारा, ग्रिप हवेवर तरंगत निघून येते. मग हँडल आणि नळी इतकी पुसा की बोटाला काही लागणार नाही. जुना गोंद, तेल, गंज, सगळं.

बसवताना तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा स्प्रे कधीही नको. ग्रिप सुरेख सरकेल आणि पुढेही सरकतच राहील. तुमची डावी ग्रिप बहुधा याच कारणाने फिरते. साबणाचं पाणीही नको, त्याचा अंश आत राहतो आणि पाऊस लागला की पुन्हा निसरडा होतो. ग्रिपचा गोंद सगळ्यात चांगला. तो नसेल तर केसांचा स्प्रे चालतो, ओला असताना घसरतो आणि वाळला की धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त चढवायला मदत करतं, उडून जातं, चिकटवत नाही, म्हणून ते घट्ट ग्रिपलाच पुरेसं. गोंदाचा पातळ थर ग्रिपच्या आत आणि हँडलवर लावा आणि एका दमात, पिळत पिळत, पूर्ण आत ढकला. मधे थांबलात की ती तिथेच अडकते. उजवीकडे गोंदाचा एकही थेंब नळी आणि हँडल यांच्यामध्ये जाऊ देऊ नका. नळीच्या तोंडावर कापडाची चिंधी कोंबून ठेवा, काम झालं की काढा. गोंद पसंत नसेल तर ॲलन स्क्रूने आवळायच्या कड्यांच्या ग्रिप्स मिळतात. चांगल्या आहेत, पण स्क्रू जास्त आवळला तर उजवीकडची नळी हँडलवर दाबली जाते आणि थ्रॉटल जड होतं.

आता ते उजवीकडच्या लांबीचं. ग्रिपच्या आतल्या कडेला स्विचच्या डब्यापासून आणि बाहेरच्या कडेला बार-एंडपासून एक-दोन मिमी मोकळी जागा ठेवा. माझ्याच गाडीवर एकदा घाईत ग्रिप बार-एंडला चिकटून बसवली होती. उभ्या गाडीवर थ्रॉटल मस्त परतत होतं. रस्त्यावर पहिल्याच वळणाला हाताच्या दाबाने ग्रिप केसभर बाहेर सरकली, बार-एंडला घासली आणि थ्रॉटल अर्ध्यावर उघडंच राहिलं. क्लच दाबून किल स्विचने (इंजिन बंद करायच्या बटणाने) इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी थ्रॉटल तीन जागी तपासतो: हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. तिन्ही जागी सोडल्याबरोबर फट्दिशी बंद झालंच पाहिजे. मग इंजिन चालू ठेवून हँडल इकडून तिकडे फिरवा, आवाज बदलला तर केबल ताणली जातेय. केबलचा प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधी ग्रिप मोकळी फिरते ते अंतर, गाडीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे ठेवा, बऱ्याच गाड्यांत ग्रिपच्या कडेवर मोजलेला 2 ते 6 मिमी असतो.

तुमच्यासाठी मी हे घेईन: मध्यम कडक, दोन थरांच्या रबराची जोडी, उजवं भोक मोठं, जाडी मूळ ग्रिपइतकी किंवा एखाद-दोन मिमी जास्त, बोटांकडे खडबडीत आणि तळव्याकडे सपाट, टोक तुमच्या बार-एंडप्रमाणे. बार-एंडची वजनं आहेत तशीच ठेवा. बसवलं की गाडी रात्रभर हलवू नका. सकाळी दोन्ही ग्रिप्स आधी कोरड्या आणि मग ओल्या हाताने जोर लावून पिळून बघा. डावी तसूभरही फिरली तर तशीच रस्त्यावर नेऊ नका, काढा, पुसा आणि पुन्हा बसवा.